अनुसयाची ओळ

बळीरामने आपलं संगीत नाटक कन्हानच्या खाणीत पाळ्या करता करता रचलं. गाणी त्याची, चालीही त्याच्याच. सरगम लिहिणं त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून प्रत्येक चाल तो कुणाला तरी देऊन टाकायचा आणि वहीत गाण्याच्या डोक्यावर त्या माणसाचं नाव लिहायचा. एकाची चाल दुसऱ्याने गायची नाही, हा त्याचा दंडक.

पन्नास वर्षांनी त्याची नात मेघा ते नाटक उभं करायला निघाली. मनीषनगरात ती गाण्याचे क्लास घेते. दारोदार फिरून तिने अकरा चाली मिळवल्या आणि शेवटच्या गाण्याशी अडली. त्यावर नावं दोन होती, बायजाबाई आणि अनुसया. प्रयोग चार दिवसांवर होता आणि या गाण्याशिवाय नाटक संपतच नव्हतं.

कन्हानला बायजाबाई सापडली. ऐंशी उलटलेली, पण आवाज खणखणीत. पहिल्याच ओळीला मेघाच्या अंगावर काटा आला. मग म्हातारी गप्प झाली, मांडीवर बोटांनी आठ मात्रा मोजल्या आणि थेट तिसरी ओळ उचलली.

"आजी, मधली ओळ?"

"ते अनुसयाची. विणकराची होती, माही मैत्रीण. मागच्या साली गेली."

"तुम्ही ऐकली असेलच ना?"

"जलमभर ऐकली. पन बळीरामदादानं मले देली नाही. कशी गाऊ?"

मेघा रडकुंडीला आली, पण बायजाबाई ढिम्म हलेना. शेवटी मेघा वही मिटून उठली.

"बस वं पोरी. अनुसया जाताना म्हने, माही ओळ तू ठेव. पन दोघींच्या ओळी एका गळ्यात ठेवाच्या नाही, असं दादाचं म्हननं. माही तू घे. मंग तिची मले घेता येईन."

दोन तास घोटवणं चाललं. दुसऱ्यांना गाणं शिकवणारी मेघा दहादा चुकली आणि दहादा बोलणी खाल्ली. अकराव्यांदा म्हातारीने मान डोलावली.

मेघाने आपली ओळ म्हटली. उत्तराला अनुसयाची ओळ आली आणि मेघा थक्क झाली. आजोबांना तिने कधी पाहिलं नव्हतं. त्या खाणकामगाराने गाणंच असं बांधलं होतं, की गायचं तर कुणाच्या तरी शेजारी येऊन बसावंच लागेल. डोळे भरून आले आणि पुढची ओळ राहून गेली.

"थांबली काहून?" बायजाबाई म्हणाली. "म्हन ना वं. सालभर झालं, मी एकटीच म्हनून राहिली."