टाकावरचा जोतीराम

हातोडी महादेवप्पांच्या मांडीखाली.

मोहोळच्या बजाबाईंच्या मोबाइलमध्ये नवरा, जोतीराम, डोळे बारीक करून हसतो आहे.

शुक्रवार पेठेतल्या निम्म्या पातेल्यांवर एकाच हाताचं अक्षर.

पत्र्यावर ठिपक्यांचा एक कांदा.

"कांदा न्हाय हा," महादेवप्पा म्हणाले. "कांद्याला देवी आल्यात."

सिद्धेश्वरी हसली नाही. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. भांड्यांच्या दुकानाबाहेरची पायरी ही तिची जागा. छिन्नी, हातोडी, टक टक टक. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर. सगळे ठिपके सारखे, सगळे एका जोराचे. अक्षराला तेच लागतं. कांद्याला नाही.

"हातोडी द्या की मामा."

"देत न्हाय. टोकदार कलम घे, मनगटानं दाब. सावलीत दाट, उजेडाकडं जाशील तसं विरळ. आणि जिथं उजेड, तिथं पत्र्याला हातच लावायचा न्हाय."

"हात न लावता कसलं काम?"

"तेच शिकायला आलीयास, तंगी."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. महादेवप्पांनी जन्मभर चांदीच्या तबकांवर मोर आणि राजे कोरले. आता हात कापायचे, म्हणून तोंडाने शिकवायचे.

तिला घाई होती. गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात पुजायची बजाबाईंच्या घरी रीत. पण बाजारातल्या टाकांवर सगळ्यांच्या आज्या-पणज्यांचं तोंड एकच. "मला माझा मालक पायजे," बजाबाई म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या कुणाचं त्वांड न्हाय." सून पिंकी म्हणाली, मशीनवर करून घेऊ. सिद्धेश्वरीने तिथल्या तिथे सांगून टाकलं, मी करते. दसऱ्याच्या आत. जमलं नाही तर मशीन आहेच.

चेहरा तिने तोवर कधी केलेला नव्हता.

कांदा.

अंडं.

परत कांदा.

एक लिंबू, ज्याला महादेवप्पांनी नाव ठेवलं नाही.

मग चांदी. मग जोतीराम. नाक, गाल, डोळ्यांखालची सावली. महादेवप्पांनी भिंगातून बघितलं.

"काळा झालाय. ठिपके खोल गेलेत."

"मुद्दाम घातलेत."

"शिकवतंय कोण?"

"तुमीच की. पण तुमची तबकं काचेच्या कपाटात बसली, मामा. ह्याला दर सणाला चिंच आणि रांगोळी लावून घासणार. घासून नाव कसं जातं ते मी रोज बघते. आज बरोबर केला, तर पिंकीच्या सुनेला कोरा पत्रा मिळंल."

महादेवप्पांनी भिंग पुसलं, परत एकदा बघितलं आणि जेवायला उठले.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बजाबाई आल्या, बरोबर पिंकी. बजाबाईंनी टाक उजेडात धरला, मग सावलीत.

"नाक त्येंचंच हाय," त्या म्हणाल्या. "पर लई काळं केलंस की गं."

"व्हय. तुमी घासाल तसे उजळतील."

"म्हंजे मी म्हातारी हुईन तसं हे तरणं?"

"तसंच समजा."

"जिते हुते तवा बी तसंच चाललं हुतं."

पिंकी खुदकन हसली. बजाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळून जोतीरामच्या गालावर एकदा घासलं. बघितलं. परत घासलं. पिंकीने पिशवी पुढे केली, तरी टाक त्यांच्या हातातच राहिला.

चांदीवर पहिला ठिपका पडायच्या आधीच महादेवप्पांनी आपला पासपोर्ट साइझचा फोटो सिद्धेश्वरीच्या हत्यारांच्या डब्यात ठेवून दिला होता.