दुसरा घाव

झोप न येणारे रोगी मला आवडत नाहीत. औषध दिलं की दुसऱ्या दिवशी तोंड पाडून हजर. राजाराम मात्र आपणहून आला नव्हता, त्याच्या बायकोने, शेवंतीने, त्याला हाताला धरून माझ्या लालबागच्या दवाखान्यात आणलं. साल छप्पन्न, चैत्र उलटला होता. राजाराम गिरणीत कापड विणायचे साचे चालवी, कायमची रातपाळी. तीन महिने त्याला दिवसा झोप नव्हती. दोनदा तो साच्यावरच पेंगला होता आणि खात्याच्या मुकादमाने, जॉबरने, बजावलं होतं, तिसऱ्यांदा दिसलास तर गेटबाहेर.

आमच्या आयुर्वेदात झोपेला आहाराइतकाच मान आहे. रात्री जागलेल्याने जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, तेही उपाशीपोटी. शेवंती तर नवरा घरी आला की आधी कालवण-भात वाढी. मी चिडलो. "भरल्या पोटी झोपवतेस आणि वर औषध मागतेस?" जेवण उठल्यावर, तळपायांना तेल, म्हशीचं दूध, असं सांगून दोघांना वाटेला लावलं. दोष चटकन सापडला म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

पंधरा दिवसांनी शेवंती एकटीच आली. सगळं पाळलं होतं तिने. राजारामचा डोळा लागत नव्हता. ती रडली नाही, नुसती बाकावर बसून राहिली. मला माझ्या तोऱ्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची चाळ गाठली.

राजाराम भिंतीकडे तोंड करून पडला होता, डोळे टक्क उघडे. बरोबर खाली सुंदराबाईंची खोली. त्या गिऱ्हाइकांना मसाला कांडून देत. मिरचीचा हंगाम होता, मुसळाचे घाव वरपर्यंत ऐकू येत होते.

"हे बंद करायला सांगू?" मी विचारलं.

"नको, नको." राजाराम उठून बसला. "आठ वर्सां ह्याच आवाजात निजलंय. तेव्हा दोन मुसळां होती, वैद्यबुवा. मावशी नि रघू. आता एक घाव पडता, दुसरो पडत नाय. मी त्येची वाट बघीत रवतंय."

रघू सुंदराबाईंचा एकुलता एक मुलगा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर जानेवारीत झालेल्या गोळीबारात गेला. राजारामची झोप तेव्हाच गेली होती, आणि मी कालवण-भाताला दोष देत बसलो होतो.

दारात उभी असलेली शेवंती हे ऐकून तशीच जिना उतरली. मी तिच्या मागोमाग. रघूचं मुसळ दाराआड उभं होतं. तिने हात पुढे केला तशा सुंदराबाई ओरडल्या, "त्येका हात लावू नको!"

"ह्येंका झोप नाय, मावशी," शेवंती म्हणाली. "वर दुसऱ्या घावाची वाट बघतत."

 सुंदराबाई उखळापासून जराशा बाजूला सरकल्या.

आधी मुसळं एकमेकांवरच आपटली. हळूहळू घाव आलटून पालटून पडू लागले. थोड्या वेळाने मी वर जाऊन डोकावलो. राजाराम घोरत होता. उपाशीपोटी की भरल्या, ते विचारायचं राहूनच गेलं.

खाली आलो तेव्हा शेवंती घामाघूम होऊन भराभर घाव घालत होती.

"सावकाश गो," सुंदराबाई म्हणाल्या. "रघू पण सुरवातीक अशीच घाई करी."