शंभर टक्के उजेड

तामलवाडीच्या पुढं हमरस्त्याला लागून शंभुलिंगअप्पांची रोपवाटिका आहे. शेडनेटच्या सावलीतली रोपं उचलून थेट रानात लावायला निघालेला शेतकरी दिसला, की अप्पा त्याला फैलावर घेत. "आठ दिवस हळूहळू ऊन दाखवा! सावलीतलं लेकरू हाय ते." असा माणूस घरात काय करून ठेवील, हे त्यांच्या लेकीला, अर्पिताला, कुणी सांगूनही पटलं नसतं.

बैठकीत तिची खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि तिच्यात एक प्रवाळ. पुण्याहून आणलं तेव्हा अंगठ्याएवढं. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राणी. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला पोसतं, तेच रंग देतं. उजेड एकदम वाढला की प्रवाळ ते शेवाळ टाकून देतं आणि उपाशी मरतं. म्हणून अर्पितानं टाकीवरच्या दिव्याचा उजेड पंधरा टक्क्यांपासून चाळीसवर आणायला तीन महिने घेतले होते. दीड वर्षात प्रवाळ तळहाताएवढं, हिरवंगार झालं होतं. दिव्याला हात लावू नका, असं तिनं अप्पांना चारदा बजावलं होतं.

परीक्षेसाठी ती चार दिवस सोलापूरला गेली. परतली तर तिलाच बघायला आलेले पाहुणे बैठकीत फराळ करत होते. दिवा शंभर टक्क्यांवर. प्रवाळ हाडासारखं पांढरंफटक.

"पाव्हण्यांसाठी जरा झगमगाट केला," अप्पा म्हणाले. "चार दिवस झाले, रोज कोण ना कोण बघून जातंय. आधी नुसता अंधार वाटायचा."

मुलाच्या आईनं चिवड्याचं तेलकट बोट काचेवर टेकवलं. "कसलं पांढरंशुभ्र हाय! लई झ्याक." मग अर्पिताला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "पोरगी तेवढी सावळी वाटती."

"लग्नापर्यंत उजळंल की!" अप्पा खदाखदा हसले.

अर्पिताला शिसारी आली. त्या बोटाची, त्या हसण्याची, आणि सगळ्यांत जास्त अप्पांची. पाहुण्यांना काही कळत नव्हतं. अप्पांना सगळं कळत होतं. तिनं दिवा दहावर आणला, चपला घातल्या आणि तरातरा रोपवाटिकेत गेली. ऊन ऐन माथ्यावर होतं. मिरचीच्या कोवळ्या रोपांवरच्या जाळीचा दोर तिनं सोडायला घेतला.

अप्पा धापा टाकत मागं आले. "अगं, येडी का खुळी तू? जळतील ना ती!"

"जळतील कशाला? पांढरी होतील. पाव्हण्यांना आवडतंय की."

अप्पांची मान खाली गेली.

अर्पितानं दोराची गाठ पुन्हा घट्ट मारली. रोपांनी तिचं काहीच बिघडवलं नव्हतं.