सुक्या कचऱ्याचा बडग्या

दीक्षाच्या कचरागाडीला दोन डबे होते, हिरवा ओल्याला आणि निळा सुक्याला. पण इतवारीतल्या त्या गल्लीतल्या ऐंशी घरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. भाजीची देठं, दुधाच्या पिशव्या, खरकटं, सगळं एकाच थैलीत. यमुताई तर थैलीला अशी गाठ मारत, की आत काय आहे ते दीक्षाला दिसूच नये.

पोळ्याच्या आठवडाभर आधी सफाईचे जमादार जितेंद्रभाऊंनी सांगून टाकलं, मारबतीच्या दुसऱ्या दिवशी मोजणी. साठ घरांनी सुका कचरा वेगळा दिला नाही, तर गाडी बंद आणि दीक्षा परत डेपोत, ढिगाऱ्यातून काचा वेचायला. दोन वर्षं तिनं ते केलं होतं.

पण पोरगी डोक्यानं तेज. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीत, ही गल्ली दरवर्षी आपला बडग्या, म्हणजे चिंध्यांचा पुतळा, काढते आणि शेवटी जाळते. ज्या घराची चिंधी त्या पुतळ्याला लागत नाही त्या घराची इडापिडा वर्षभर तिथंच मुक्काम करते, असा इथला पक्का समज. दीक्षानं यमुताईंना गाठलं आणि सुचवलं, यंदा बडग्या सुक्या कचऱ्याचा करू. मात्र पिशव्या धुतलेल्या हव्यात, खरकटं असलं तर चिकटत नाहीत. मग काय विचारता! दारोदारी दुधाच्या पिशव्या दोरीवर वाळू लागल्या. बारा फुटी बडग्या उभा राहिला आणि त्याची मिशी पाहायला मिरवणुकीत लोक थांबले. जाळायची वेळ आली तेव्हा मात्र दीक्षा आडवी उभी राहिली. प्लास्टिकचा धूर लेकरांच्या छातीत जातो म्हणाली. कुरकुरत का होईना, गल्लीनं बडग्या परत आणून चौकात टेकवला.

सकाळी जितेंद्रभाऊ वही घेऊन हजर. दीक्षानं शिट्टी वाजवली. बाया आल्या, प्रत्येकीच्या हातात नुसता ओला कचरा, अगदी शिस्तीत. निळा डबा मात्र रिकामा. आठवडाभराचा सुका कचरा बडग्याच्या अंगावर होता! हे काही तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. आपल्याच हातानं तिनं पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि आता ती रडायच्या बेतात होती.

आपापलं काढून डब्यात टाका म्हणावं, तर एकदा पाठवलेली पीडा परत हातात कोण घेणार? बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. तेवढ्यात यमुताईंनी पदर खोचला.

"काहून वं उभ्या राहिल्या? घरात नाही न्यायची, गाडीत घालाची हाये. जाळानं गेली काय अन् गाडीनं गेली काय, गेली म्हणजे गेली."

आणि त्यांनी बडग्याची मिशी उपटली; त्यांच्याच घरच्या पिशव्यांची होती. मग झुंबड उडाली. कोणी कान ओढला, कोणी पोट. हसून हसून बाया वाकल्या. जितेंद्रभाऊंचा आकडा चौसष्टवर गेला.

उरले बांबू आणि बडग्याचे दोन हात, म्हणजे जुने फाटके रबरी हातमोजे. हे कोणाचे, जितेंद्रभाऊंनी विचारलं.

"माह्ये हायेत भाऊ. डेपोतले," दीक्षा हळूच म्हणाली. असल्या समजुतींवर तिचा विश्वास नव्हता, तरी तिनं ते गुपचूप बांधले होते.

जितेंद्रभाऊ म्हणाले, तू कुठं या गल्लीतली?

"बडग्याले ज्याचं लागलं तो गल्लीतला," यमुताई म्हणाल्या. "लिहा, पासष्ट."

त्यांनी लिहिलं. दीक्षानं मोजे सोडवले, निळ्या डब्यात टाकले आणि झाकण लावलं.