उलटे सप्तर्षी

प्रार्थनाघराच्या छतावरून मिस्त्रीनं ओला कागद सोलून काढला आणि मान वर करून बघितलं. सप्तर्षी उलटे बसले होते. शेपूट डावीकडे हवं, ते उजवीकडे.

आता असली चूक फक्त याच धंद्यात होते, म्हणून सांगायला हवं. छतावर काचेचा एकेक तुकडा लावत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून तुकडे आधी खाली बसून, चित्र काढलेल्या कागदावर पालथे चिकटवायचे. मग तो अख्खा कागद छताच्या ओल्या गिलाव्यावर दाबायचा आणि नंतर भिजवून सोलायचा. अशानं डावं-उजवं बदलतं, तेव्हा चित्र मुळात उलटंच लागतं. तीस वर्षं ते काम बायकोचं. आधी सरळ काढायची, मग खिडकीच्या काचेला कागद लावून उलटं उतरवायची. "तुम्ही चिकटवा, डोकं मी चालवते," म्हणायची. आणि हा पठ्ठ्या खरंच डोकं बाजूला ठेवून चिकटवायचा.

दीड महिन्यापूर्वी ती गेली. टेबलावर तिचा शेवटचा कागद होता, तो यानं उचलला. तो अजून सरळच आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही. आता त्या कागदाचा बादलीत लगदा झाला होता. दुसरी प्रत कुठून असणार?

विश्वस्त खालून बघत होते. भला माणूस. म्हणाले, "राहू द्या हो मिस्त्री. कुणाला कळतंय? आणि वरून बघणाऱ्याला आकाश असंच दिसत असेल. वहिनी आता वरूनच बघताहेत."

"ती बघत असती, तर एव्हाना मला चार शब्द सुनावून मोकळी झाली असती," मिस्त्री म्हणाला.

लेक परांचीवर त्याच्या शेजारीच होती. लहानपणापासून तिला सगळे ठमीच म्हणत. "बाबा, फोडू नका ना," ती म्हणाली. "आईच्या हातचं एवढंच उरलंय."

"मला काय हौस आहे का गं?" तो खेकसला, मग त्याचा आवाज खाली आला. "लोक इथे मान वर करून देवाला काहीबाही मागणार. म्हणतील, बाईला सप्तर्षीसुद्धा धड येत नव्हते. माझ्या वेंधळेपणाचं खापर तिच्या डोक्यावर कशाला?"

ठमी परांचीवरून खाली उतरली. मग तिनं आरपार दिसेल असा पातळ कोरा कागद आणला आणि छताला लावून धरला. "आपल्याला उलटंच लागतं ना? मग हेच उतरवून घ्या."

मिस्त्रीनं कोळसा हातात धरला. तीस वर्षांत त्यानं एक रेघ ओढली नव्हती. तारे वेडेवाकडे उमटले, तरी सातही जागेवर आले. कागदावरचा एकेक तारा तिचा आणि रेघ मात्र परक्या हाताची, असं काहीसं त्याला वाटलं आणि ते मुळीच आवडलं नाही.

मग त्यानं छिन्नी लावली. गिलावा अजून कच्चा होता, काचा सहज सुटत होत्या. ठमी एकेक तारा ओंजळीत झेलत होती. सातवा निघाला, छतावर नुसते करडे खड्डे राहिले, तशी मिस्त्रीनं छिन्नी खाली ठेवली. गेल्या दीड महिन्यात त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं.

"ठमे," तो म्हणाला, "आता खरंच गेली गं ती."