गणपतीच्या जागेवरची भिंत

भूजला जमीन हलली त्या सकाळी विरारच्या फुलपाड्यात ‘श्रमसाफल्य’चे पंखेही झुलले, आणि सोसायटीला इंजिनिअरची आठवण झाली. एरवी इंजिनिअर म्हणजे गळती शोधणारा माणूस.

दिनानाथ राऊत आला. किल्लारीला जाऊन आल्यापासून कुणी बोलावलं की तो असाच जायचा, फी न घेता. इथे तर त्याची थोरली बहीण जिजा वरच्या मजल्यावर राहत होती.

“वर चार मजले भिंतीच भिंती, खाली पार्किंगला नुसते खांब,” तो म्हणाला. “जमीन हलली की बिल्डिंग गुडघ्यात मोडेल. मागच्या दोन खांबांमध्ये काँक्रीटची भिंत हवी.”

“मागच्या?” सेक्रेटरी चंद्रहास परब चपापले. “अहो, तिथे बाप्पा बसतो!”

तो जिजाच्या नवऱ्याने बसवायला सुरुवात केलेला. भावोजी गेले, पण मखर अजून जिजाच करायची. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. “वहिनी म्हणतील तसं,” म्हणून परबांनी आपली मान अलगद सोडवून घेतली.

वर आल्यावर जिजाने चहा ठेवला, म्हणजे जवळजवळ आपटलाच.

“अख्ख्या विरारात तुला माझाच गणपती उठवायला सापडला? दुसऱ्या खांबांत घाल की.”

“एकीकडे जिना, एकीकडे टाकी. पुढून गाड्या.”

“मग विटांची घाल. मधे कोनाडा ठेव, त्यात बसवू.”

“हादऱ्यात तीच आधी फुटेल. तसली भिंत काय कामाची, ताई?”

“लहानपणापासून तुला मेलं हो म्हणता येत नाही.”

हो म्हणणं सोपं होतं. विटांची भिंत उभी राहिली असती, सगळे निश्चिंत झोपले असते. इतकी वर्षं तो सभांमधून नकाशे दाखवत होता आणि लोक घड्याळ बघत होते. किल्लारीबद्दल मात्र त्याने कुठे तोंड उघडलं नव्हतं, घरीसुद्धा नाही.

“ताई, किल्लारीचा भूकंप कुठल्या रात्री झाला, आठवतं?”

“मला काय माहीत?”

“विसर्जनाच्या. लोक गणपती पोचवून, नाचून दमून झोपले होते. आम्ही उरलेली घरं तपासायला गेलो, तेव्हा एका पोराला ढिगाऱ्याखालून बाहेर काढत होते. कपाळावर गुलाल तसाच. मी रुमाल ओला करून पुसायला गेलो, तर त्याची आई म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या. देवाचा हाय.’”

चहावर साय धरली. जिजाने कप बाजूला सरकवला.

“यांचं पण तसंच,” ती हळूच म्हणाली. “विसर्जनानंतर केस धुवायचे नाहीत. उशीचे अभ्रे सगळे लाल. मी भांडायची.”

मग उठली आणि पदर खोचून खाली गेली.

“परब, भिंत घाला. बाप्पा यंदा माझ्या हॉलमध्ये. मूर्ती लहान आणा, आणि आरतीला सगळ्यांनी वर चढायचं. बघू कुणाचे गुडघे टिकतात ते!”

उन्हाळ्यात भिंत उभी राहिली. तेव्हा टँकरचं पाणी, त्यामुळे भिंतीला पाणी मारायचं म्हटलं की जो तो आपापल्या पिंपाकडे बघायचा. दिनानाथ धास्तावूनच आला. काँक्रीट कोवळेपणी तहानलं तर जन्मभर कच्चं राहतं.

साच्याच्या फळ्या नुकत्या काढल्या होत्या. भिंतीवर गोणपाटं सोडलेली, आणि जिजा घरच्या बादलीतून तांब्या तांब्या पाणी घालत होती. तिने गोणपाट बाजूला करून तळवा टेकवला.

“दिना, ही तापलीय रे.”

“सुरुवातीला तापते. आतून धरत असते.”

तिने तळवा काढला नाही, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा ठेवून राहिली. नेमक्या त्याच जागी दरवर्षी पाट मांडला जायचा.

“वरून घाल, म्हणजे सगळीकडे ओघळेल,” दिनानाथ म्हणाला.

“माहितीय मला. डोक्यावरूनच घालतात,” ती म्हणाली, आणि टाचा उचलून तिने तांब्या ओतला.

दिनानाथने रिकामी बादली उचलली आणि पाणी आणायला तो तिच्या घराकडे जिना चढू लागला.