कुठेही न जाणारा जिना

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिना आहे. पण माझ्यावरून आजवर कुणीही माडीवर गेलेले नाही. चार पायऱ्या वर, चार पायऱ्या खाली, एवढाच मी. रुग्णालयाच्या व्यायामाच्या खोलीत माझा मुक्काम. अशा अर्धवट जिन्याचे कोण ऐकणार, म्हणून बरेच दिवस गप्पच होतो.

सुताराने माझ्या पायऱ्या अगदी सारख्या केल्या, दोन्ही बाजूंना गुळगुळीत कठडे बसवले. आजाराने पायांतले बळ गेलेली माणसे माझ्यावर पुन्हा चढायला शिकत. कुणी चौथ्या पायरीवर पोचले की टाळ्या वाजत. खरे सांगतो, त्या मला माझ्याच वाटत.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. दोन महिन्यांत त्या माझ्यावर दहा फेऱ्या मारू लागल्या. डॉक्टरांनी आपल्या कागदावर 'सुधारणा' लिहिले, व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी आपल्या. दोन्ही कागद दोन कपाटांत गेले आणि मावशी घरी गेल्या.

आठवड्याने त्या परत आल्या, चाकांच्या खुर्चीतून.

"अहो मावशी, इथे तर भराभर चढत होता!" ताई म्हणाल्या.

"तुमचा जिना गुणाचा आहे गं बाई. माझ्याकडे प्रत्येक पायरीची उंची वेगळी, अन् कठडा फक्त डावीकडे. म्हणून बहिणीकडे तळमजल्यावर राहतेय. शिलाई मशीन माझ्या घरी, वर तिसऱ्या मजल्यावर."

घरचा जिना कसा आहे, हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते. मला मान असती तर मी खाली घातली असती.

ताईंनी डॉक्टरांना आणि सुताराला एका टेबलाशी बसवले. रुग्णांच्या घरच्या जिन्यांसारखा सराव इथे कसा देता येईल, या संशोधनासाठी तिघांनी मिळून निधी मागितला. निधी देणाऱ्या समितीचे साहेब पाहणीला आले.

"संशोधनात सुताराचं काय काम?"

मावशी खुर्चीतूनच म्हणाल्या, "साहेब, माप न घेता शिवलेला सदरा तुम्ही घालाल का?"

साहेब हसले, मग बराच वेळ कागद चाळत राहिले. निधी मिळाला.

तिघांनी रुग्णांच्या घरोघरी जाऊन पायऱ्या मोजल्या. सुताराने माझ्यावर करवत चालवली, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या केल्या. मी दुखावलो. माणसे अडखळू लागली, टाळ्या कमी झाल्या. मावशींना पुन्हा शिकायला पाच आठवडे लागले. तोवर सुताराने त्यांच्या घरी उजव्या भिंतीला कठडा बसवला.

त्या वर पोचल्या तेव्हा मी तिथे नव्हतो. जिन्याला कोण नेणार? पण महिन्याभराने माझ्या कठड्यासाठी एक मऊ कापडी खोळ आली, नेमक्या मापाची. टाके मशीनचे होते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी पायरीशी थबकले, तर घाई करू नका. हात कोणत्या बाजूला धरू, एवढे विचारा. आम्ही फार उशिरा विचारले.